रजेवरचा बाप आणि घरातला बाप: स्टॉकहोममधल्या एका मराठी कुटुंबाची केस

या केसमधल्या नवराबायकोला विचारून लिहितोय, दोघांनीही आधी वाचलंय, आणि नावं, कंपनी वगैरे काहीच घातलेलं नाही. लिहायचं कारण एवढंच की बायकोच्या वर्क परमिटवर डिपेंडंट म्हणून येणारे मराठी मुलगे आता इथं बरेच दिसायला लागलेत, पण त्यांना मिळणारा सल्ला अजून तोच आहे. एक तर "मजा आहे रे तुझी, बायको कमावतीये", नाहीतर "घरबसल्या एखादा ऑनलाइन कोर्स करून टाक". पहिल्यानं माणूस आतल्या आत कुढतो आणि दुसऱ्यानं अजून एक अर्धवट सोडलेली गोष्ट नावावर लागते. या घरात नेमकं काय अडलं आणि काय केल्यावर सुटलं ते मी जवळून बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तो सांगली जिल्ह्यातला, मेकॅनिकलवाला, चाकणला ऑटो पार्ट्सच्या प्लांटमध्ये प्रॉडक्शनला होता, सोडताना लाइन इन्चार्ज. ती पुण्याची, टेलिकॉम सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये. २०२२ च्या सप्टेंबरात तिला किस्ताला जॉब लागला (स्टॉकहोमच्या उत्तरेला, आयटी-टेलिकॉमवाले बरेच तिथंच), आणि तिघं आले. मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची. घर मिळालं हेलेनेलुंड स्टेशनजवळ, पोटभाड्याचं, एक बेडरूम. ठरलं असं होतं की ती जॉब करेल, तो वर्षभर मुलीला सांभाळेल, मग पुढचं बघू. हा निर्णय दोघांनी बसून घेतलेला होता, कुणी कुणावर लादला नव्हता. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढचं ऐकून बरेच जण म्हणतात निर्णयच चुकला, आणि मला ते अजिबात पटत नाही.

अजून एक, मुलगी सांभाळणं त्याला नवीन नव्हतं. पुण्यात फर्स्ट शिफ्ट करून आला की संध्याकाळची पोरगी त्याच्याकडेच असायची, अंघोळ, भरवणं, झोपवणं सगळं. "पुरुषाला काय जमणार" हा प्रश्न या केसमध्ये पहिल्या दिवसापासून नव्हताच.

आता स्वीडनचं थोडं सांगावं लागेल, कारण गुंता तिथंच आहे. इथं सकाळी अकराला कुठल्याही कॅफेत जा, बाबागाड्या लावून दोनचार बाप बसलेले असतात. हे आपोआप झालेलं नाहीये. १९७४ मध्ये स्वीडननं आईची बाळंतपणाची रजा बदलून आईबाप दोघांची पालक रजा केली, असं करणारा हा जगातला पहिला देश. तरी बाप लोक फारशी रजा घेईनात म्हणून १९९५ मध्ये एक महिना असा ठेवला की तो बापानं घेतला नाही तर बुडाला (तसाच आईचाही), २००२ मध्ये दुसरा महिना आला आणि २०१६ मध्ये तिसरा. आज मूल इथं जन्मलं तर ४८० दिवस मिळतात, त्यातले ९०-९० दिवस एकेकासाठी राखीव. मी स्वतः इथल्या नोकरीतून रजा घेऊन पोराला सांभाळलंय, आणि खरं सांगतो, आयुष्यातले फार चांगले महिने होते ते. पण माझ्यामागे नोकरी होती! परत जायची तारीख ठरलेली, पगाराच्या जवळजवळ ८० टक्के पैसे येत होते, टीममधले लोक मेसेज करून पोराचे फोटो मागायचे.

तो ज्या बापांच्या शेजारी बाकावर बसायचा ते सगळे असे रजेवरचे बाप. आणि कायमचं घर सांभाळणारं माणूस, बाई असो की बाप्या, या देशाच्या हिशोबात जवळपास बसतच नाही. १९७१ पासून इथं नवराबायकोचा टॅक्स वेगळा, त्यामुळे एकाच्याच पगारावर घर चालतंय म्हणून काही सूट नाही. घरी राहून मूल सांभाळणाऱ्या पालकाला महिन्याला ३००० क्रोनरपर्यंत (क्रोनर म्हणजे इथलं चलन) देता येईल अशी योजना २००८ मध्ये आली होती, द्यायची की नाही ते प्रत्येक नगरपालिकेनं ठरवायचं, तीही २०१६ मध्ये बंद केली. सगळी रचना असं धरून आहे की मूल वर्ष-दीड वर्षाचं झालं की ते प्रीस्कूलमध्ये, म्हणजे फोरस्कोलात जाईल आणि आईबाप दोघं कामाला. मला ही रचना एकंदरीत आवडते, पण तिच्यात बाहेरून येऊन पडलेल्या माणसाचं काय होतं ते बघा.

पहिला हिवाळा. ऑक्टोबर बरा गेला, पानं पिवळी-लाल झालेली, रोज बाबागाडी घेऊन बाहेर. इथल्या बसमध्ये बाबागाडीतलं लहान मूल बरोबर असेल तर मोठ्या माणसाला तिकीट पडत नाही, तर हा पोरीला घेऊन कुठल्याही बसमध्ये बसायचा आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत यायचा. नोव्हेंबरपासून गाडी घसरली. डिसेंबरात स्टॉकहोमला सूर्य उगवतो पावणेनऊला आणि मावळतो पावणेतीनला, त्यातही ढग. पोरगी दुपारी झोपायची, उठेपर्यंत बाहेर काळोख. बायको साडेपाचला घरी. भारतात फोन करावा तर साडेचार तासांचा फरक, इथं संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडं साडेदहा, आईवडील झोपलेले. दिवसभरात मोठ्या माणसाशी बोलणं म्हणजे दुकानातलं "हेय" (नमस्कार) आणि "टाक" (धन्यवाद), बास. त्यानं नंतर मला सांगितलं की चाकणला लाइनवर तीसेक माणसं दिवसभर "साहेब, इकडं बघा" म्हणत यायची, त्याचा तेव्हा वैताग यायचा, आणि इथं आठवड्यात एकदाही कुणी नावानं हाक मारली नाही.

पण माझ्या मते एकटेपणापेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. इथं सगळं पर्सोननंबरवर, म्हणजे प्रत्येकाच्या सरकारी ओळख क्रमांकावर चालतं. तो नंबर टॅक्स ऑफिसकडून मिळाला की मग आयडी कार्ड, कार्ड आलं की बँक खातं, खातं झालं की बँकआयडी (फोनवरची डिजिटल ओळख), आणि बँकआयडी असला तरच डॉक्टरची ऑनलाइन अपॉइंटमेंट, प्रीस्कूलचा ऑनलाइन अर्ज, स्विशवरून (फोनवरून पैसे द्यायचं इथलं ॲप) पैसे पाठवणं हे सगळं. तिचं हे कंपनीच्या मदतीनं पटापट झालं. त्याचा नंबर आला, पण पुढचं राहिलं, आयडी कार्डच्या अपॉइंटमेंटला वेळ लागला, मग बँकेनं विचारलं उत्पन्न कुठलं, खातं कशाला पाहिजे, एक कागद कमी होता, परत या. आणि दोघांनीही म्हटलं, जाऊ दे ना, तिचं खातं आहेच की, घरातलेच पैसे आहेत. इथंच खरी गोची झाली, असं मला वाटतं.

एक प्रसंग सांगतो. जानेवारीत पोरीचा बर्फातला ओव्हरऑल (आतून अस्तर असलेला एकसलग सूट असतो तो) लहान व्हायला लागला. नवीन महाग, म्हणून त्यानं ब्लोकेटवर (जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीची इथली साइट) जुना शोधला, दोन स्टेशन पलीकडं एका बाईंकडं. गेला, सूट चांगला होता, बाईंनी पिशवीत घालून दिला आणि स्विश नंबर सांगितला. त्याच्याकडं स्विश नाही. कॅश दिली तर बाई म्हणाल्या, कॅश घेऊन मी काय करू. मग त्यानं बायकोला फोन लावला, ती मीटिंगमध्ये, उचलेना. हा दाराबाहेर उणे आठमध्ये पोरगी घेऊन उभा, बाई दार उघडं धरून उभ्या, दोघांना एकमेकांची भाषा धड येत नाही, पोरगी रडायला लागलेली. दहाबारा मिनिटांनी बायकोनं मीटिंगमधून बाहेर येऊन पैसे पाठवले, दीडशे क्रोनर फक्त. बाई चांगल्या होत्या, आत या म्हणाल्या, हा गेला नाही. घरी येऊन पोरीला तो सूट घातला, बरोबर बसला, आणि संध्याकाळी बायकोशी एक शब्द बोलला नाही. तिला कळेना काय झालं. तिच्या दृष्टीनं तिनं मीटिंग सोडून मदत केलेली.

गावाकडं वेगळीच गोष्ट चालली होती. त्याच्या वडिलांनी भावकीत सांगून टाकलेलं की पोरगा तिकडनं वर्क फ्रॉम होम करतोय. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून नोकरी केलेला माणूस, चार लोकांत विचारलं की काहीतरी सांगावं लागतं. मग हाही तेच सांगायला लागला, आधी चुलत्यांना, मग मित्रांना, आणि शनिवारी व्हिडिओ कॉल आला की मागची वाळत घातलेली लंगोट-झबली बाजूला सरकवून, टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचा. खोट्याचा त्रास हा की ते रोज सांभाळावं लागतं. "प्रोजेक्ट कुठला?" असं एका मावसभावानं विचारलं तर याला कंपनीचं नाव सुचेना. त्यानंतर त्यानं कॉलच टाळायला सुरुवात केली, आणि जे दोनचार मराठी आवाज कानावर पडत होते तेही बंद झाले.

आता तिची बाजू, ती सांगितल्याशिवाय केस पुरी होत नाही. नवा देश, नवी टीम, सहा महिन्यांचं प्रोबेशन, आणि तिघांचं राहणं तिच्या परमिटवर म्हणजे तिच्या नोकरीवर. हे ओझं ती कुणाला दाखवत नव्हती. घरी आली की पोरगी धावत बाबाकडं जायची, तिला बरं वाटायचं आणि लागायचंही. मग हात आपोआप चालायचे, त्यानं घड्या घातलेले कपडे परत घालणं, "हिला आज फळ दिलंस का?", "मऊ भात परत परत नको देऊ रे". बीव्हीसी म्हणजे इथलं बाळांचं सरकारी आरोग्य केंद्र, तिथली अपॉइंटमेंट ती तिच्या बँकआयडीवरून घेणार, पत्रं ती वाचणार, नर्सला मेसेज ती करणार, आणि तो फक्त पोरीला घेऊन जाणार. तिला वाटायचं मी त्याचं काम हलकं करतीये. त्याला वाटायचं माझ्यावर भरवसा नाही. दोघंही आपापल्या जागी खरे होते आणि दोघंही बोलत नव्हते.

बदलाची सुरुवात बीव्हीसीतच झाली. फेब्रुवारीत पोरीच्या तपासणीला गेला होता, नर्सनं डी व्हिटॅमिनचे थेंब दिले (इथं दोन वर्षांपर्यंत सगळ्यांना फुकट देतात, रोज पाच थेंब, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या मुलांना पुढंही चालू ठेवा म्हणतात) आणि मग पोरीचं सगळं झाल्यावर त्यालाच विचारलं, तू कसा आहेस, दिवसभर कुणाबरोबर असतोस? तो म्हणाला हिच्याबरोबर. मग तिनं एक कागद दिला, ओपन फोरस्कोलाचा पत्ता आणि वेळा. ही एक भारी सोय आहे, आपल्याकडं असं काही नाही. मूल सोडून जायचं नाही, पालकानं बरोबर थांबायचं, नाव नोंदवायचं नाही, पैसे नाहीत, खेळणी, गाण्यांचा तास, कॉफी.

तिथं माझी भेट झाली, मी धाकट्याला घेऊन जायचो. दोन मराठी माणसं स्वीडिश बालगीताच्या गोलात मांडी घालून बसलेली, ओळख व्हायला वेळ लागला नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर बर्फात बाबागाड्या ढकलताना तो म्हणाला, "दादा, हे सगळे ऑगस्टला कामावर जाणार. मी कुठं जाणार?" मला वाटतं सगळी केस या एका प्रश्नात आहे. पोरीचा त्याला कधीच त्रास नव्हता. त्याच्या दिवसाला पुढची बाजूच नव्हती, आणि या देशातल्या कुठल्या कागदावर त्याचं स्वतःचं काही चालत नव्हतं.

म्हणून आम्ही चौघांनी (माझी बायको पण, तिचंच डोकं यात जास्त चाललं) एका रविवारी आमच्या घरी बसून आधी कागद काढले. छंद, जिम, ट्रेकिंगचे ग्रुप सगळं नंतर, आधी कागद, यावर मी अजूनही ठाम आहे. बँकेत लागणारी परमिटची प्रत आणि कुटुंबाच्या नोंदणीचा उतारा घेऊन तो परत गेला, खातं झालं, बँकआयडी झाला. मग मुलांचा भत्ता. इथं प्रत्येक मुलामागं महिन्याला १२५० क्रोनर मिळतात आणि आईबाप दोघांकडं ताबा असेल तर अर्धे-अर्धे, म्हणजे ६२५ त्याच्या खात्यावर. पूर्ण भत्ता तिच्या खात्यावर घ्यायचा त्यांचा विचार चालला होता, सोपं पडतं म्हणून, माझ्या बायकोनं हट्टानं तो सोडायला लावला.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे पालक रजेचे दिवस. ही गोष्ट नवीन येणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसते, म्हणून नीट सांगतो. मूल बाहेरून आलेलं असलं तरी दिवस मिळतात, फक्त कमी. २०१७ च्या जुलैपासून नियम असा की मूल दुसऱ्या वर्षात असताना स्वीडनला आलं तर आईबाप दोघांचे मिळून २०० दिवस, दोन वर्षांचं होऊन गेल्यावर आलं तर १००. आणि इथं कधीच नोकरी केलेली नसली तरी बेसिक रेटनं पैसे मिळतात, दिवसाला २५० क्रोनर, त्यातून टॅक्स कापला जातो. पोरगी सव्वा वर्षाची असताना आली म्हणून यांना २०० दिवस होते आणि हे दोघं पाच महिने त्याच्या शेजारून फिरत होते! त्यानं स्वतःच्या बँकआयडीनं फोरसेक्रिंग्सकासानला (सोशल इन्शुरन्सचं ऑफिस) अर्ज केला. वसंतात पैसे यायला लागले. आठवड्याचे सातही दिवस लावले तरी महिन्याला टॅक्सच्या आधी साधारण ७५०० होतात, स्टॉकहोममध्ये त्यात भाडंसुद्धा निघत नाही. पण त्याच महिन्यात पोरीचे चिखलात घालायचे रबरी कपडे त्यानं स्वतः स्विश करून घेतले आणि मला पिशवीचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

याच्याच जोडीला एसएफआय, म्हणजे परदेशी लोकांसाठी सरकारी स्वीडिशचा वर्ग, फुकट. त्यानं संध्याकाळचा लावला. आणि इथं एक गोष्ट झाली जी मी तरी आधी धरली नव्हती. आठवड्यातून दोन संध्याकाळी सहाला तो दाराबाहेर पडायला लागला आणि ती पोरीबरोबर एकटी राहायला लागली. पहिल्या आठवड्यात पोरगी बाबा-बाबा करून तासभर रडली, हिचं डोकं फिरलं. महिनाभरात दोघींचं आपलं काहीतरी जमलं, अंघोळीची वेळ, टबातली भांडी. घड्या परत घालणं तिनं तेव्हापासून सोडलं, कारण आता तिला कळलं होतं की पोर कडेवर घेऊन घड्या कशा होतात. बीव्हीसीचं सगळं तिनं त्याच्याकडं देऊन टाकलं. मला इथं वहिनींचं कौतुक वाटतं, हातातली गोष्ट सोडणं सोपं नसतं, त्यातून आईला.

गावाकडचं खोटं कसं सुटलं तेही सांगतो, ते तिनं सोडवलं. एका रविवारी तिनं सासूबाईंना फोन लावला आणि फोन सरळ ओट्याकडं वळवून ठेवला, तो पोळ्या लाटत होता. दोन मिनिटं आई काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "कणीक घट्ट मळलीयेस रे. तेल लाव आणि झाकून ठेव अर्धा तास." त्यानं तसं केलं. मग आईंनी विचारलं रोज तूच करतोस का, तो हो म्हणाला, नोकरी अजून नाहीये हेही म्हणाला, बायको डाळ घोटत शेजारी उभी होती. वडिलांना आईंनी काय सांगितलं माहीत नाही, पण "वर्क फ्रॉम होम" हा विषय त्यानंतर त्या घरात निघाला नाही.

वडील २०२३ च्या उन्हाळ्यात आले, ९० दिवसांच्या व्हिसावर. तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड, सगळं हिरवं, त्यांनी बघितलेला देश आणि पोरानं काढलेला हिवाळा यांचा काही संबंध नव्हता. पहिले काही दिवस मुलगा भांडी लावताना दिसला की ते उठून गॅलरीत जायचे. नात हट्टाला पेटली की "एक फटका दे, गप बसेल" म्हणायचे, तेव्हा त्याला सांगावं लागलं की दादा, इथं १९७९ पासून मुलावर हात उगारायला कायद्यानं बंदी आहे, घरात सुद्धा (वडिलांना तो दादा म्हणतो, त्यांच्या घरात तशीच पद्धत). मग एक दिवस तो त्यांना पार्कात घेऊन गेला. तिथं सहासात बाप, एकजण पोराचं नाक पुसतोय, एकजण वाळूत पालथा पडून खड्डा खणतोय. एक जण इंग्रजीत बोलला त्यांच्याशी, मुलानं भाषांतर केलं, तो माणूस फायर ब्रिगेडमध्ये होता, सात महिन्यांच्या रजेवर. वडिलांनी विचारलं, "साहेब सुट्टी देतो?" तो म्हणाला, साहेबपण मागच्या वर्षी घेऊन गेला. परत येताना वडील गप्प होते, आणि रात्री गावी फोनवर कुणाला तरी सांगत होते की इकडं फायर ब्रिगेडचे जवान पण पोरं सांभाळतात. माझं पोरगं पण सांभाळतंय असं त्यांनी थेट म्हटलं नाही. याला तेवढं पुरलं.

(२०२४ च्या जुलैपासून आईबापापैकी प्रत्येकाला आपले ४५ दिवसांपर्यंत आजी-आजोबांना किंवा दुसऱ्या कुणाला देता येतात, पण ती व्यक्ती स्वीडनच्या इन्शुरन्समध्ये असावी लागते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजोबांना ते लागू नाही, बरेच जण विचारतात म्हणून लिहिलं.)

ऑगस्टमध्ये पोरगी फोरस्कोलात. अर्ज वसंतातच केला होता, नगरपालिकेला चार महिन्यांच्या आत जागा द्यावीच लागते. इथं एक बारकावा आहे. एक पालक नुसता नोकरी शोधत असेल तर मुलाला आठवड्याला निदान पंधरा तास मिळतात, पण तो पालक शिकत असेल तर शिकण्याच्या वेळेइतके. म्हणून त्यानं एसएफआय संध्याकाळचा बदलून दिवसाचा घेतला आणि पोरीला पूर्ण दिवस मिळाला. पहिले दोन आठवडे पालकानं बरोबर बसायचं असतं, हळूहळू बाहेर निघायचं, तर तो बसला. चौथ्या दिवशी त्याला पंधरा मिनिटं बाहेर जा म्हणून सांगितलं, पोरगी चिखलात बसलेली, मागं वळूनही बघितलं नाही तिनं. त्या पंधरा मिनिटांत तो गेटबाहेर उभा राहून मला फोनवर सांगत होता की आता काय करू सुचत नाहीये. हाही भाग लोक धरत नाहीत. वर्षभर ज्या कामावर सगळा दिवस उभा होता ते काम एका सकाळी संपतं, आणि आईच्या बाबतीत निदान लोक विचारतात तरी, बापाला कुणी विचारत नाही की तुला कसं वाटतंय.

पुढचं थोडक्यात. २०२४ मध्ये एसएफआयची शेवटची पायरी झाली, मग पुढचं स्वीडिश. इंजिनियरच्या पोस्टसाठी अर्ज केले, बहुतेक ठिकाणी भाषेवर अडलं. २०२५ च्या सुरुवातीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर ऑपरेटर म्हणून लागला, ७५ टक्के वेळ. चाकणला तो अशा ऑपरेटरांचा साहेब होता. मी विचारलं, जड जातंय का? म्हणाला मशीनचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं, बाकी बघू. पोरीला तीन वाजता तोच आणतो, स्वयंपाक अजून बहुतेक त्याच्याकडं.

दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय, आणि तिथं हिशोब असा आहे की पगाराच्या हिशोबानं पूर्ण पैसे मिळायला बाळंतपणाच्या तारखेआधी सलग २४० दिवस उत्पन्न असावं लागतं, नाहीतर सुरुवातीचे दिवस त्याच २५० वर जातात. जे जोडपं नवीन येतंय आणि मूल होऊ द्यायचा विचार आहे त्यांनी हे आधी बघावं, कारण एकदा तारीख गेली की काही करता येत नाही. घरी राहणाऱ्या पालकाच्या पेन्शनचंही तसंच, मूल चार वर्षांचं होईपर्यंतच्या वर्षांचा हक्क आपोआप कमी उत्पन्न असलेल्या पालकाच्या नावावर धरला जातो, वेगळं कळवलं तरच बदलतो. पुरुषानं ते वाचायचं असतं हेच डोक्यात येत नाही आपल्या लोकांच्या.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत, त्याही लिहितो. हिवाळा अजून त्याला खातो, नोव्हेंबर आला की चिडचिड वाढते, आता दोघांना ते आधीच माहीत असतं एवढंच. मराठी मंडळींच्या गणपतीत पुरुषांच्या घोळक्यात "सध्या काय करतोस" हा प्रश्न आला की तो अजून एक क्षण थांबतो. आणि तिच्यावरचं परमिटचं ओझं त्याच्या पगारानं हलकं झालं, गेलं नाही.

पोरगी आता चार वर्षांची. तिचं मराठी इथं वाढणाऱ्या बाकी मुलांपेक्षा फार चांगलं आहे, सांगलीकडच्या हेलासकट, कारण पहिलं वर्ष ती दिवसाचे दहा तास त्याच्याशीच बोलत होती. शाळेत मातृभाषेचा तास मिळू शकतो, पण त्यासाठी नगरपालिकेत तीच भाषा मागणारी निदान पाच मुलं आणि शिकवणारं योग्य माणूस लागतं. तो सध्या त्याच्याच मागं आहे, पार्कात, स्टेशनवर, भारतीय किराणा दुकानात कुणी मराठी बोलताना ऐकलं की जाऊन मुलांची वयं विचारतो. तीन घरं तयार झालीयेत. अजून दोन पाहिजेत, आणि शिकवणारं माणूस.